चिंताग्रस्त मुलासाठी कुत्रा: कुठून घ्यावा, कसा निवडावा, कशावर पैसे घालवू नयेत

आधी कौल देतो, कारण बऱ्याच घरांत पिल्लाची आगाऊ रक्कम देऊन झाल्यावरच शोधाशोध सुरू होते.

मूल ६ ते १४ वर्षांचं आहे, चिंतेसाठी समुपदेशक किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जातंय, घर फ्लॅटमधलं आहे आणि आई-बाबा दोघंही नोकरी करतात, अशा घराला आमची शिफारस एकच आहे. दीड ते चार वर्षांचा, नसबंदी झालेला, किमान महिनाभर कुणाच्या तरी घरात फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता, राहिलेला देशी किंवा मिश्र जातीचा कुत्रा घ्या. पेट शॉपमधलं पिल्लू नको, समाजमाध्यमावर फोटो पाहून मागवलेलं तर नकोच. जातिवंत लॅब्राडोर वाईट नाही, पण तो चांगल्या ब्रीडरकडून मिळवणं लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. आणि ‘थेरपी डॉग’ म्हणून चढ्या किमतीला विकली जाणारी पिल्लं या सगळ्यांत सर्वांत फसवी.

कुत्र्याकडून नेमकं काय मिळतं

२०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४ ते १० वर्षांची ६४३ मुलं होती. घरात कुत्रा असलेल्यांपैकी १२ टक्के मुलांत प्राथमिक चाचणीत चिंतेची लक्षणं आढळली, कुत्रा नसलेल्यांपैकी २१ टक्के मुलांत. हा आकडा जाहिरातींत फिरवला जातो, पण त्यातून कुत्र्यामुळे चिंता कमी झाली असं सिद्ध होत नाही. ज्या घरात कुत्रा सांभाळायला वेळ, जागा आणि स्वास्थ्य आहे, त्या घरातली मुलं मुळातच निवांत असू शकतात.

आम्हाला जास्त कामाचा वाटतो तो फ्लोरिडा विद्यापीठातला प्रयोग. ७ ते १२ वर्षांच्या सुमारे १०० मुलांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. काहींसोबत घरचा कुत्रा होता, काहींसोबत आई किंवा बाबा, काही एकटी. कुत्रा सोबत असलेल्या मुलांनी ताण कमी वाटल्याचं सांगितलं. खरी मेख पुढे आहे. ज्या मुलांनी स्वतः कुत्र्याला जवळ बोलावून कुरवाळलं, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी होतं. कुत्रा आपणहून अंगाशी येत राहिला, तिथे असा फायदा दिसला नाही. म्हणून अंगचटीला येणारा, सतत चाटणारा, उड्या मारणारा कुत्रा ‘किती प्रेमळ’ म्हणून निवडू नका. बोलावल्यावर येणारा आणि नको म्हटल्यावर बाजूला जाऊन बसणारा कुत्रा हवा. या लेखातली जवळपास प्रत्येक शिफारस या एका गोष्टीवरून निघालेली आहे.

कुत्रा उपचाराची जागा घेत नाही. मुलांच्या चिंतेवर पहिली शिफारस सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराची, असते. त्यात मूल भीतीला पायरी-पायरीने सामोरं जायला शिकतं. गरज असेल तिथे डॉक्टर औषध देतात. कुत्रा या कामात सोबती होऊ शकतो, आणि नीट लक्ष दिलं नाही तर अडथळाही होऊ शकतो. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

काही घरांना आम्ही थांबायलाच सांगू. मुलाला जंतू, घाण, सतत हात धुणं या प्रकारची सक्तीची वर्तनं असतील, तर केस, लाळ आणि ओले पाय यांनी ती वाढू शकतात; आधी उपचार करणाऱ्यांशी बोला. मुलाला संतापाचे झटके येतात आणि त्यात हात-पाय चालतात, तर कुत्रा नको. दमा किंवा ॲलर्जी असेल तर कुत्रा असलेल्या घरी वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास मूल बसवून पाहा. ‘ॲलर्जी न होणारी जात’ अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, कारण ॲलर्जी खुद्द केसांमुळे नव्हे, तर मुख्यतः लाळ आणि कातडीच्या कोंड्यामुळे होते. आणि घरातल्या एका जरी मोठ्या माणसाला कुत्रा मनापासून नको असेल, तर घेऊ नका. रोजची भांडणं ऐकणारं चिंताग्रस्त मूल त्याचा दोष स्वतःकडे घेतं.

पेट शॉप आणि ऑनलाइन विक्री

इथे सगळ्यांत जास्त घरं फसतात. पिल्लाच्या सामाजिक घडणीचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. या काळात ते आई आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं, आवाज, माणसं, जिने, गाड्या यांना सरावतं. काचेच्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात हा काळ गेला की जे पिल्लू घरी येतं ते स्वतःच घाबरट असतं. मग एका घरात दोन चिंताग्रस्त जीव होतात.

कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. २०१८ पासून पेट शॉपनाही नोंदणी सक्तीची आहे. दुकानात प्रमाणपत्र दाखवायला सांगा. ‘आहे, घरी आहे’ असं उत्तर आलं की तिथून निघा. ‘पस्तीस दिवसांचं आहे, लहानपणी आणलं की जास्त जीव लावतं’ हे वाक्य ऐकलं तरी निघा. पस्तीस दिवसांच्या पिल्लाला अजून आई हवी असते, लसीचा पहिला डोसही बहुधा झालेला नसतो, आणि पार्व्हो या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराने ते चार दिवसांत दगावू शकतं. मुलाच्या डोळ्यांदेखत हे घडलं तर काय होईल, याचा विचार पैसे देण्याआधी करा.

आमचा कौल: टाळा. सवलत असली तरी टाळा.

ब्रीडर

चांगला ब्रीडर तुम्हाला पिल्लाची आई तिच्या नेहमीच्या जागी दाखवतो, आणि तुम्ही विचारायच्या आधी तोच तुम्हाला वीस प्रश्न विचारतो. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद म्हणजे वंशावळीची नोंद. त्यावरून स्वभाव किंवा तब्येत कळत नाही. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार आनुवंशिक असतो, म्हणून आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा. ते नसतील तर कागद कितीही चकचकीत असला तरी फार उपयोगाचा नाही.

आईचा स्वभाव नीट पाहा. पिल्लांची आई अनोळखी माणसांवर गुरगुरत असेल किंवा कोपऱ्यात दबून बसत असेल, तर पिल्लंही तशी निघण्याची शक्यता मोठी. चिंताग्रस्त मुलासाठी ही तपासणी रंग, डोक्याचा आकार, ‘पंच फेस’ (आखूड, चपटा चेहरा) या सगळ्याच्या आधी यायला हवी.

जातींबद्दल थोडक्यात. लॅब्राडोर सोशिक असतो, पण दोन वर्षांपर्यंत २५ ते ३५ किलोचा दांडगा पोर असतो. आठ वर्षांच्या मुलाला सहज आडवं पाडतो. गोल्डनचा स्वभाव उत्तम, पण मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची अंगभर लोकर घरभर आणि पंख्यावर दिसते. बीगल गोंडस, पण नाक जमिनीला लागलं की कान बंद, आणि भुंकणं असं की शेजारी तक्रार घेऊन येतात. आवाजाने दचकणाऱ्या मुलाला तो मानवत नाही. पग आणि तत्सम चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास असतो, आणि त्यांची रात्रीची घरघर ऐकून ‘तो मरणार तर नाही ना’ असं मूल दहा वेळा विचारतं. हस्की महाराष्ट्रात आणूच नये, हे आम्ही ठामपणे सांगतो.

पिल्लू कुठल्याही जातीचं असो, दात येण्याच्या काळात, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, ते हात, पायजमा, वेणी, सगळ्याला चावतं. त्याचे दात सुईसारखे असतात. त्यानंतर दीड वर्षापर्यंत वयात येण्याचा अडनिडा काळ. म्हणजे ज्या आधारासाठी कुत्रा आणला तो मिळायला दीड वर्ष जातं, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी हा काळ फार मोठा आहे.

‘तयार थेरपी डॉग’

यावर जरा कडक लिहावं लागतं. ८ आठवड्यांचं कुठलंही पिल्लू ‘थेरपी डॉग’ नसतं. थेरपी डॉग म्हणजे स्वभावाची तपासणी झालेला प्रौढ कुत्रा, जो आपल्या माणसाबरोबर शाळेत, रुग्णालयात किंवा उपचारकेंद्रात जातो. ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’ची (भावनिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्याची) जी प्रमाणपत्रं आणि ओळखपत्रं ऑनलाइन विकली जातात, त्यांना भारतात कायद्याचा आधार नाही. त्या कागदावर शाळा कुत्र्याला आत घेणार नाही, मॉल घेणार नाही. सोसायटीसाठी तर अशा कागदाची गरजच नाही: भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला मात्र हवाच.

खऱ्या प्राणीसाहाय्यित उपचाराबद्दल आमचं मत चांगलं आहे, आणि अनेक घरांनी कुत्रा घेण्याआधी तोच करून पाहावा. अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्या उपचाराच्या खोलीत जिंगल्स नावाचा कुत्रा बसायचा. १९६० च्या दशकात त्यांनी यावर लिहायला सुरुवात केली आणि पुढे या कामाला शिस्त आली. आपल्याकडे मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था हे काम करते. सहा-आठ सत्रांत मूल कुत्र्याशी कसं वागतं, घट्ट मिठी मारतं की हलका हात फिरवतं, कुत्रा उठून गेला तर रडतं की वाट पाहतं, हे तज्ज्ञांच्या नजरेखाली कळतं. काही मुलांना इतकंच पुरतं आणि घरी कुत्रा आणायची गरज उरत नाही.

संस्था आणि फॉस्टर घरं

पुण्यात ‘रेस्क्यू’ ही संस्था, मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आणि परळचं जुन्या लोकांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’ असलेलं पशुरुग्णालय ही परिचित नावं. शहरोशहरी लहान गट आणि एकेकटी फॉस्टर कुटुंबंही आहेत. या वाटेचं बलस्थान असं की कुत्रा आज जसा आहे तसा दिसतो. दोन वर्षांच्या कुत्र्याचा आकार ठरलेला, स्वभाव बहुतांशी ठरलेला, आणि फॉस्टर बाई सांगू शकतात की तो मिक्सरला घाबरतो का, रात्री झोपतो का, लहान मुलं पळाली की मागे धावतो का.

देशी कुत्र्याचं वजन साधारण १५ ते २० किलो, केस आखूड, आपल्या हवेला सरावलेला, सांधे आणि श्वासाच्या आनुवंशिक तक्रारी कमी. दुबळी बाजूही सांगतो. तो जात्याच सावध असतो, दाराची बेल वाजली की भुंकतो, आणि रस्त्यावर मार खाल्लेला असेल तर काठी, झाडू, हेल्मेट घातलेला माणूस यांना घाबरू शकतो. म्हणून अपघातातून किंवा छळातून सुटलेला कुत्रा या मुलासाठी घेऊ नका, कितीही कळवळा आला तरी. ‘दोघं एकमेकांना सावरतील’ ही कल्पना कागदावरच छान वाटते. प्रत्यक्षात कुत्रा दिवाळीत पलंगाखाली थरथरतो आणि मूल त्याच्या बाजूला बसून रडतं.

संस्थांचे दोष दोन. पहिला, कार्यकर्त्यांवर कुत्रे देण्याचा भार इतका असतो की स्वभाव रंगवून सांगितला जातो. दुसरा, आश्रयस्थानातल्या गोंगाटात कुत्रा एकतर गप्प पडून राहतो किंवा उसळतो. दोन्हींवरून घरातला स्वभाव कळत नाही. म्हणून आमची अट फॉस्टर घराची आहे. आणि संस्थेला स्पष्ट विचारा: आधी तीन आठवडे आम्हीच फॉस्टर म्हणून ठेवू का? बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. मुलालाही ‘पाहुणा म्हणून येतोय’ असंच सांगायचं.

निवडताना काय तपासायचं

दोन भेटी, मध्ये निदान दोन दिवस, वेगवेगळ्या वेळी, प्रत्येकी चाळीसेक मिनिटं. पहिल्या भेटीला मूल नको.

आत गेल्यावर पाच मिनिटं कुत्र्याला हाक मारू नका, तिरके बसा, नजर रोखू नका. सैल अंगाने, शेपूट पाठीच्या रेषेत हलवत तो स्वतः वास घ्यायला आला तर चांगली सुरुवात. मग छातीवर किंवा गालाखाली तीन सेकंद हात फिरवा आणि हात काढून घ्या. तो पुढे सरकला, नाकाने हात ढकलला, तर त्याला आणखी हवंय. तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर नकोय. असं पाच वेळा करा; चार वेळा ‘हवंय’ यायला हवं. ही तीन सेकंदांची तपासणी मुलालाही शिकवायची आहे, ती आयुष्यभर कामाला येते.

दहा फुटांवर स्टीलची ताटली पाडा. दचकला तरी चालेल. दहा-पंधरा सेकंदांत सावरून ताटलीचा वास घ्यायला गेला तर उत्तम. मिनिटभरानंतरही लपून बसला असेल तर हा कुत्रा दुसऱ्या कुणासाठी चांगला असेल, या मुलासाठी नाही. तो जेवत असताना सहा फुटांवरून भांड्याच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका; हात घालू नका. मान ताठली, खाण्याचा वेग वाढला, गुरगुर आली, तर तो अन्न राखतो. मोठ्यांच्या घरात यावर काम करता येतं, लहान मूल असलेल्या घरात ही जोखीम नको. शेवटी त्याला खोलीत तीन मिनिटं एकटं ठेवा. लगेच दार ओरबाडत किंचाळणारा कुत्रा, तुम्ही दोघं कामावर गेल्यावर काय करेल ते उघड आहे.

दुसऱ्या भेटीला मूल आणा आणि काहीच करायला सांगू नका. जमिनीवर बसून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचू दे. कुत्रा येऊन जवळ टेकला तर कौल मिळाला.

सामान: घ्यायचं काय, सोडायचं काय

हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा, पुढे छातीवर आणि मागे पाठीवर अशा दोन कड्यांचा हवा. छातीचं माप पुढच्या पायांच्या लगेच मागे घ्यायचं. सतरा-अठरा किलोच्या देशी कुत्र्याचं ते साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन गेली तर घाबरलेला कुत्रा उलटा सरकून निसटतो. पळून गेलेल्या कुत्र्यामागे धावणारं मूल गाडीखाली येऊ शकतं, म्हणून या एका वस्तूत काटकसर नको.

पट्टे दोन लागतात. मोठ्या माणसाचा पुढच्या कडीत, आखूड धरलेला. मुलाचा हलका पट्टा मागच्या कडीत, सैल. ओढ बसली तर आधी मोठ्या हातावर येते आणि मुलाला ‘मी फिरवतोय’ हे खरोखर अनुभवता येतं. मनगटाभोवती पट्टा गुंडाळायचा नाही, हे पहिल्याच दिवशी. आपोआप गुंडाळला जाणारा दोरीचा पट्टा घेऊ नका. दोरी बोटं कापते, आणि हातातून दांडा सुटला की खडखडत मागे येतो, कुत्रा त्यालाच घाबरून सुसाट पळतो. गळा आवळणारी साखळी, आतून खिळे असलेला पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा हे सगळं हद्दपार. वेदना होते तेव्हा समोर मूल असेल, तर कुत्रा वेदनेचा संबंध मुलाशी लावतो.

दाराला लावायची जाळी निदान ९० सेंटिमीटर उंचीची घ्या, देशी कुत्रा त्याहून ठेंगणी सहज ओलांडतो. कुत्र्याची जागा जाळीपलीकडे: दुहेरी घडीची जुनी गोधडी, पाण्याचं भांडं, आणि मुलासाठी एकच कायदा की गोधडीवर असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. महागड्या गाद्या लागत नाहीत. गुळगुळीत फरशीवर मात्र जुनी योगा मॅट किंवा सुती सतरंजी टाका. पाय घसरणारा कुत्रा घरात सतत ताणात राहतो. चाटायची रबरी चटई घेण्यासारखी आहे, तिच्यावर थापलेलं घट्ट बिनसाखरेचं दही किंवा शिजवलेला लाल भोपळा दहा मिनिटं पुरतो. ‘शांत करणारे’ कुत्र्याचे जाकीट, थेंब, फवारे यांच्यावर आधी पैसे घालवू नका. तेच पैसे नीट ट्रेनरच्या चार भेटींना द्या. ट्रेनर निवडताना एक प्रश्न पुरतो: कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? ‘त्याला कळायला हवं बॉस कोण’ या सुरातलं उत्तर आलं तर नमस्कार करा.

पहिले सहा आठवडे

पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, मुलाच्या मित्रांची रांग नाही. पहिला आठवडा दोन खोल्या पुरेत. रात्री कुत्रा मोठ्यांच्या खोलीत झोपतो, मुलाच्या पलंगावर नाही. ही अट मुलांना फार लागते, पण आधीच एकटं झोपायला घाबरणारं मूल कुत्र्याशिवाय झोपूच शकेनासं होतं, आणि मग कुत्रा आजारी पडून दवाखान्यात राहिला की सगळं घर जागं.

वीस किलोच्या नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० ते १,०५० कॅलरी लागतात. कोरडं खाणं असेल तर तीनशे ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत. नेमका आकडा पिशवीवर पाहा. खाऊ यातलाच दहावा भाग. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण प्रथिनं अपुरी पडतात आणि अनेकांना दुधाने हगवण लागते. बेदाणे, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम हे विष आहे, आणि डब्यातला मनुकेवाला शिरा प्रेमाने भरवणारं मूलच असतं. यादी फ्रिजवर मुलाच्याच अक्षरात लावा.

शिकवायची पहिली गोष्ट ‘बस’ नव्हे, ‘हनुवटी’. मोठ्या माणसाने तळहात कुत्र्याच्या हनुवटीच्या उंचीवर धरायचा. नाक जवळ आलं की ‘छान’ म्हणून दुसऱ्या हाताने हरभऱ्याएवढा चिकनचा तुकडा. मग हनुवटी टेकल्यावरच खाऊ. एक सेकंद, दोन, पाच, दहा. एका वेळी आठ-दहा प्रयत्न, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. साधारण दोन आठवड्यांत तीस सेकंद जमतात. मग तळहाताच्या जागी मोठ्यांची मांडी, आणि ती पक्की झाली की मुलाची मांडी. इथे घाई करून लोक कुत्र्याचं डोकं हाताने दाबून ठेवतात. तसं केलं की तो मुलापासून दूर राहायला शिकतो. कधीही उठून जाता येतं हे कुत्र्याला माहीत असेल, तरच तो टेकतो.

हे जमल्यावर मुलाचा श्वासाचा सराव त्याच्याशी जोडा. हात मानेजवळ ठेवताना चार आकडे मोजत श्वास आत, पाठीवरून हळू मागे नेताना सहा आकडे मोजत बाहेर. दहा वेळा. मूल शांत असतानाच रोज करून घ्यायचं; पहिल्यांदाच घाबरगुंडी उडाल्यावर केलं तर जमत नाही, आणि रडणाऱ्या, धापा टाकणाऱ्या मुलाला पाहून कुत्राही बावरतो.

कुत्रा कुबडी होतो तो क्षण

चिंता टाळाटाळीवर पोसते. मूल शाळेला जायला घाबरतं, घरी राहिलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी भीती आणखी मोठी होते. आता घरी कुत्रा आहे. ‘मी गेलो तर त्याला एकटं वाटेल’ हे कारण इतकं गोड असतं की आई-बाबा विरघळतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे वाक्य जवळजवळ हमखास येतं, तयार राहा. उत्तर ठरलेलं हवं: ‘तो आत्ता झोपेल, साडेपाचला तू आलास की त्याला फिरायला न्यायचंय.’ कुत्र्याचा संध्याकाळचा फेरा हा शाळेतून परत येण्याशी जोडायचा, शाळा बुडवण्याशी नाही. घरी राहिल्या दिवशी शाळेच्या वेळात कुत्र्याशी खेळ नाही.

पायऱ्या समुपदेशकांबरोबर बसून लिहा. अनोळखी माणसांशी बोलायला घाबरणाऱ्या मुलाची शिडी अशी असू शकते: कुत्र्याला घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत, वॉचमनकाकांना ‘नमस्कार’, कुणी ‘याचं नाव काय’ विचारलं तर एका शब्दात उत्तर, मग दोन वाक्यांत, ‘हात लावू नका, त्याला आवडत नाही’ असं एखाद्या मोठ्या माणसाला सांगणं, पशुवैद्यांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेणं, डॉक्टरांना कुत्र्याची तक्रार स्वतः सांगणं. प्रत्येक पायरीआधी आणि नंतर भीतीला शून्य ते दहात गुण द्यायचे, आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी. इथपर्यंत बहुतेक घरं पोचतात. पुढचा भाग मात्र हमखास राहून जातो: तीच शिडी कुत्र्याशिवाय. फाटकापर्यंत एकट्याने, वॉचमनकाकांशी एकट्याने, दुकानातून कुत्र्याची बिस्किटं एकट्याने. हा भाग केला नाही, तर मूल कुत्र्याबरोबर धीट आणि त्याच्याविना होतं तिथेच राहतं.

ढोल, फटाके, पावसाळा

गणपती आणि दिवाळी या कुत्र्याच्या खऱ्या परीक्षा. तीन महिने आधीपासून ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज फोनवर, जेमतेम ऐकू येतील इतके, दिवसाला पाच मिनिटं, सोबत खाऊ. कुत्र्याने खाणं थांबवलं की आवाज जास्त झाला. सणाच्या दिवशी आतली खोली, पडदे, पंखा, संध्याकाळचा फेरा उजेडातच. भीती तीव्र असेल तर पशुवैद्यांकडे तीन आठवडे आधी जा आणि औषधाचा एक डोस साध्या दिवशी देऊन पाहा. एसीप्रोमेझिन हे जुनं गुंगीचं औषध एकट्याने देऊ नये. अंग लुळं पडतं, भीती तशीच राहते. दुसऱ्या पर्यायाबद्दल विचारा.

पावसाळ्यात गोचीड. गोचीडताप महाराष्ट्रात सर्रास होतो: सुस्ती, ताप, हिरड्या फिकट. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वेळेवर द्या, आणि साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवू नका. रेबीजची लस वर्षाला. दात किंवा नख लागलं, तर कुत्रा घरचा आणि लसवंत असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चिंताग्रस्त मूल ओरडा बसेल किंवा कुत्रा जाईल म्हणून ओरखडा लपवतं. ‘सांगितलंस तर कुणीही रागावणार नाही’ हे कुत्रा येण्याआधीच, तेवढ्यासाठी वेगळं बसवून सांगा.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागवायचं नाही. गुरगुर ही सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. मुलाला शांतपणे बाजूला घ्या, काय घडलं ते लिहून ठेवा. मुलावर दुसऱ्यांदा गुरगुरला तर त्या दिवसापासून जाळी बंद आणि ट्रेनर घरी.

चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात मोठ्यांनी कागद घेऊन बसावं. शाळेचे बुडालेले दिवस, रात्री जागं होण्याच्या खेपा, कुत्रा मुलापासून उठून गेल्याचे प्रसंग. पहिले दोन आकडे वाढत असतील तर समुपदेशकांकडे, तिसरा वाढत असेल तर ट्रेनरकडे. दोन्ही करून बाराव्या आठवड्यात जमत नसेल, तर कुत्रा परत द्यावा लागतो, आणि त्यासाठीच संस्थेच्या करारात ‘कधीही परत घेऊ’ ही ओळ आधीच लिहून घ्यायची असते. मुलाला सांगायचं ते असं: ‘त्याला आपल्या घरी जमलं नाही. यात तुझं काही चुकलं नाही. त्याला कुठल्या घरी जमेल ते संस्थेतल्या ताई शोधतायत.’ निरोपाच्या दिवशी मूल सोबत हवं. शाळेतून येऊन रिकामी गोधडी बघायला लावू नका.